ओढा कोरताना: नोंद चौथी

जपानी चित्रकार योशिदा हिरोशी यांचं 1928 चं ‘केइर्यू’ (खळाळता ओढा) हे लाकडी ठोकळ्यांनी छापलेलं चित्र समोर ठेवून ओढ्याचा पोस्टकार्डाएवढा तुकडा करतेय. मूळ छापचित्र सुमारे 82 सेंटिमीटर रुंद. शिन-हांगात, म्हणजे विसाव्या शतकातल्या जपानी लाकडी छापचित्रांच्या शैलीत, चित्र एकाचं, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा अशी वाटणी असायची. या चित्रातलं पाणी मात्र योशिदांनी स्वतः कोरलं. का, ते आता हाताला कळतंय. रेघ कुठे सुटायची हे कोरणी लाकडात असतानाच ठरतं, आधी कागदावर ठरवून भागत नाही.

पहिल्या तीन प्रतींत माझं पाणी विंचरलेल्या केसांसारखं दिसत होतं. सगळ्या रेघा एका जाडीच्या, एका दिशेने निघालेल्या. मग मूळ चित्रातली दोन बोटांएवढीच जागा भिंगाखाली घेऊन बसले. दगडाला थडकते तिथे रेघ जाड, वळताना बारीक, आणि पुढे मध्येच तुटलेली. फेस म्हणजे कोरा कागद. ओढ तिथूनच येते, कारण तुटलेली रेघ आपला डोळा पुढे जोडून घेतो.

नवा ठोकळा चार मिलिमीटरच्या प्लायवर कोरला. चेरीचं लाकूड मिळालेलं नाही. प्लायला आडवी कोरणी गेली की ढलपी उडते, म्हणून वळणं दोन्ही बाजूंनी, थोडी थोडी कोरली. खळ तांदळाची, नेहमीपेक्षा पातळ. कागद रात्रभर ओल्या वर्तमानपत्रांत. बोकाशीसाठी, म्हणजे रंग गडदपासून फिका होत जाण्यासाठी, ब्रशच्या एकाच कडेला निळा रंग घेतला, बाकीचा ब्रश नुसता ओला. पाचव्या प्रतीत दगडाखालची निळाई पहिल्यांदाच खोल वाटली. ती प्रत भिंतीवर लावलीय.

चित्रातल्या वाऱ्याचा अभ्यास करणाऱ्यांनी शिन-हांगाचेच चित्रकार कावासे हासुई यांचं 1925 चं ‘शिबा झोजोजी’ हे बर्फातल्या देवळाचं चित्र जरूर बघा. बर्फ तिरका पडतोय हे खरं, पण वारा कळतो तो चित्रातल्या बाईने छत्री पुढे झुकवून धरलीय त्यावरून. ओढ्यात तेच काम दगड करतो. माझा दगड अजून हलका आहे, पाण्यासमोर ठाम उभा राहत नाही.

रविवारी दगडासाठी करड्या रंगाचा वेगळा ठोकळा कोरणार, आणि तो दोनदा छापणार. त्याआधी डाव्या कोपऱ्यातली केंतोची, म्हणजे दर वेळी कागद नेमका बसवायची, खाच दुरुस्त करायचीय. पाचव्या प्रतीत निळा अर्धा मिलिमीटर सरकलाय.