देमाचियानागीची बेकरी आणि नदीवरच्या घारी

क्योतो म्हटलं की माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची पूड, आणि मंदिरं डोळ्यांसमोर येतात, पण हे शहर पावाचं वेडं आहे. घरटी पावाच्या खपात ते जपानी शहरांमध्ये वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकांत असतं. म्हणून हॉटेलचा महागडा नाश्ता घेऊ नका, गल्लीतली बेकरी शोधा. आम्ही देमाचियानागी स्टेशनजवळ उतरलो होतो. केइहान रेल्वेलाइन इथे संपते आणि डोंगरातल्या कुरामा गावाला जाणारी एइझान गाडीही इथूनच सुटते. मागच्या गल्लीतली बेकरी एवढीशी, की चार गिऱ्हाइकं आत शिरली की पाचव्याने बाहेर थांबायचं.

दारातच ट्रे आणि चिमटे असतात. हवं ते आपणच उचलायचं. बोटाने दाबून बघायचं नाही आणि ट्रेमध्ये घेतलेलं परत ठेवायचं नाही. काउंटरवरच्या बाई प्रत्येक पाव वेगळ्या पातळ पिशवीत घालत होत्या, क्रीमवाला सगळ्यात वर. मागे रांग लागली तरी हाताचा वेग तोच! हातात धरायची प्लास्टिक पिशवी हवी असेल तर वेगळे पैसे पडतात, तेव्हा आपली कापडी न्या. तिथेच बसून खाल्लं तर कर १० टक्के, बांधून नेलं तर ८. बहुतेक वस्तू दीडशे ते तीनशे येनमध्ये येतात. छोट्या दुकानांत कार्ड चालेलच असं नाही, सुटे जवळ ठेवा.

आई शाकाहारी, त्यामुळे खरा अभ्यास तिथे झाला. करी-पान, म्हणजे करी भरून तळलेला पाव, आपला वाटतो खरा, पण आत बहुधा बीफ किंवा पोर्क असतं. पाटीवर 肉 (मांस), 牛 (बीफ) किंवा 豚 (पोर्क) दिसलं तर तो पाव सोडून द्या. शंका असेल तर "निकु, हाइत्ते इमास का?" (मांस आहे का?) एवढं विचारा, लगेच उत्तर मिळतं. अंडं मात्र जवळपास सगळीकडे, आणि चरबी-जिलेटिन नुसतं बघून कळत नाही. कडक पाळणाऱ्यांनी आधीच जपानीत चिठ्ठी लिहून न्यावी. अंडं चालणाऱ्या आईचं भागलं ते आनपानवर. आत अझुकी या लाल कडधान्याचं गोड पुरण, वर खसखस. हा प्रकार १८७४ मध्ये तोक्योच्या किमुराया बेकरीने आणला. मेलनपानमध्ये मेलन शोधू नका, वरचं बिस्किटासारखं कवच तेवढं त्या फळासारखं दिसतं.

लोफ घेणार असाल तर किती तुकडे करायचे ते सांगता येतं. या भागात जाड कापाची आवड. भट्टीतून नुकताच काढलेला असेल तर मात्र कापून देत नाहीत, चुरडतो.

सकाळी लवकर जा, दुपारनंतर फळ्या रिकाम्या होतात. सुट्टी रविवारीच असेल असं नाही, मधल्याच एखाद्या वारी कुलूप दिसतं. मॅपवर बघून निघा.

पाव घेऊन सगळे कामो नदीच्या संगमावर, दगडी कासवांच्या पायवाटेपाशी जातात. तिथल्या घारी पाठीमागून झेप घालून हातातला घास नेतात. इशाऱ्याच्या पाट्या आहेत, थट्टा समजू नका. आमच्या शेजारच्या मुलाचं सँडविच असंच गेलं, बोटांत नुसता कागद राहिला. झाडाखाली किंवा पुलाखाली बसा, पिशवी झाकून ठेवा. आणि कागद खोलीवर परत न्या, कचऱ्याचे डबे सहसा सापडत नाहीत.