जुनी शिलाई मशीन: शोध कुठवर आलाय

तर मशीन अजून फायनल नाही पण काय घ्यायचं ते आता बरंच पक्कं झालंय. घरातलं शिवण म्हणजे उशांचे अभ्रे, पडदे, पोरांचे कपडे, पँटची उंची कमी करणं, उसवलेलं परत शिवणं. यातलं बहुतेक काम सरळ टिपेवरच होतं, म्हणून ढीगभर डिझाईनवाल्या मशीन यादीतून काढून टाकल्या. सरळ टीप एकदम नीट, रिव्हर्स चालू, आणि जमलं तर झिगझॅग, बास.

झिगझॅगवरच घोडं अडलंय खरं तर. साधारण १९६० नंतरच्या बऱ्याच घरगुती मशीनमध्ये आत प्लास्टिकचे गिअर आले, आणि ते जुने झाले की तडकतात, मशीन नुसती कपाटात पडून असली तरी. त्यामुळे झिगझॅगवाली बघायला गेलो की आधी कव्हर उघडून गिअर दाखवा म्हणतो, उघडायला नाही म्हटलं तर मी ती सोडून देतो, बाहेरून कितीही चकचकीत असू दे.

बाकी कुठलीही मशीन असो, दोरा न ओवता, फूट (कापड दाबून धरणारा भाग) वर करून चाक हाताने फिरवायचं, आपल्याकडे. हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं मला. सगळीकडे सारखीच जड लागली तर बहुतेकदा आतलं तेल सुकून चिकट झालेलं असतं, ते साफ करून नवीन तेल दिलं की सुटते. पण दर फेऱ्यात त्याच एका जागी अडकत असेल तर शटलमध्ये (वरचा दोरा पकडणारा खालचा भाग) दोरा तरी गुंतलाय किंवा काहीतरी वाकलंय, आणि दोरा काढूनही अडकतेच आहे म्हटलं की मी पुढे जात नाही. मग सुईचा दांडा धरून हलवून बघायचा, डावी-उजवीकडे खेळत असेल तर आतून झिजलाय. सुई प्लेटच्या भोकाच्या कडेवरून नख फिरवायचं, सुई आपटून ओरखडे पडले असतील तर दोरा सारखा तुटणार. मोटरवाली असेल तर वायरचं रबर तडकलंय का आणि पायाखालचा कंट्रोल तापतोय का हेही.

शिवून बघायला कापड आपलंच न्यायचं. मी दोन पदरी सुती, चार पदरी जीन्स आणि एक सुळसुळीत पातळ कापड नेतो, वरचा आणि खालचा दोरा एकाच जाडीचा पण वेगवेगळ्या रंगाचा. खालचा रंग वर ठिपक्यांसारखा दिसला तर टेन्शनचं, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचं, गणित चुकतंय, ते बहुतेकदा सेटिंगने सुटतं. टाके सुटत असतील तर आधी नवी सुई लावायची, कारण बोथट किंवा वाकडी सुई असली की चांगली मशीनही वाईट वाटते. टाक्याची लांबी २.५ मिमीवर ठेवून दहा टाके मोजले की साधारण २५ मिमी यायला हवेत, आणि कापड पुढे ढकलणारे दाते झिजले असतील तर ते इथेच कळतं, कापड पुढे सरकतच नाही नीट.

सुटे भाग आधी, मशीन नंतर, हे माझं ठाम मत. म्हणूनच क्लास १५ (हे मशीनच्या एका प्रकाराचं नाव) च्या धाटणीची लोखंडी सरळ टीपवाली सध्या सगळ्यात पुढे आहे. मूळ सिंगरचं डिझाईन, दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी ते कितीतरी नावांनी बनवलं, त्यामुळे बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ), तिची केस, फूट सहज मिळतात. फक्त बॉबिन घेताना बघून घ्या, क्लास १५ ची दोन्हीकडून सपाट असते आणि क्लास ६६ ची किंचित फुगीर, आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही. फार जुन्या मशीनची लांबट बॉबिन आणि होडीसारखं शटल दिसायला सुंदर, पण रोजच्या कामाला मी ती घेणार नाही.

अशीच एक काळी मशीन बघून आलोय. चाक जड पण सगळीकडे सारखंच, दांडा घट्ट, प्लेट गुळगुळीत. बॉबिन केस दोऱ्याने लटकवली तर जागेवर थांबते आणि हलका झटका दिला की थोडी खाली येते, म्हणजे खालचं टेन्शन बरोबर आहे. जीन्सचे चार पदर तिने कुरकुर न करता शिवले. राहिला प्रश्न काजाचा, कारण झिगझॅग नाही. सरळ टीपवाल्या मशीनला लागणारी काजाची अटॅचमेंट, जी कापडच डावी-उजवीकडे हलवते, ती कुणी वापरलीये का? पातळ कापडावर काज कसा येतो ते सांगा, त्यावर ठरवणार.