बंड्याचं गजकर्ण आणि ४८ तासांचा रिपोर्ट

मांजराचे केस गोल चकत्यांत गळायला लागले की सोसायटीतला प्रत्येक जण सांगतो, "मलम लावा." लावू नका. निदान नमुना घेईपर्यंत तरी नाहीच. बुरशीचं औषध चोपडलेल्या जागेचे केस दिले, तर बुरशी असूनही कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवून बघतात त्या तपासणीत, काही उगवेलच असं नाही.

आमचा बंड्या तीन वर्षांचा बोका. कानामागे चकती, मग पुढच्या पायावर. पार्ल्यातल्या आमच्या व्हेटनी खोलीत अंधार करून वूड्स लॅम्प, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, धरला. काही केस हिरवट चमकल्यासारखे वाटले. पण मलम आणि कोंडासुद्धा चमकतो, आणि मांजरांत नेहमी सापडणारी मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी दर वेळी चमकतेच असं नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये केस ठेवून त्यांनी मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तिथेही खात्री पटेना. म्हणाले, कल्चर करू. काही केस चिमट्याने उपटून कागदी पाकिटात घातले आणि नव्या कोऱ्या टूथब्रशने बंड्याला अंगभर विंचरून तो ब्रशही पाकिटात टाकला. पाकीट कागदीच हवं. मुंबईच्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत दमट होऊन भलतंच काहीतरी वाढतं.

इथपर्यंत सगळं सुरळीत. मग लॅबचा काउंटर.

"पेशंटचं नाव?"

"बंड्या."

"आडनाव?"

आडनावाशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकेना, म्हणून बंड्याला आमचं आडनाव मिळालं. ते चाललं असतं. पण चिठ्ठीवर व्हेटनी स्पष्ट 'फंगल कल्चर' लिहिलेलं असताना काउंटरवाल्याने नुसतं 'कल्चर' निवडलं. मी टोकलं, तर म्हणतो, "मॅडम, तेच ते."

तेच ते नाही हो! दोन दिवसांत मोबाइलवर मेसेज : रिपोर्ट तयार. ३७ अंशांवर ४८ तास ठेवलं, वाढ नाही. हे जिवाणूंचं वेळापत्रक झालं. कातडीच्या बुरशीला २५ ते ३० अंशांची ऊब लागते आणि दोन-तीन आठवड्यांची सवड. दोन दिवसांत 'वाढ नाही' म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं.

मी परत काउंटरवर. "रिपोर्ट फायनल झालाय, सिस्टममध्ये आता उघडत नाही." मग नवीन करा. "नवीन सँपल लागेल, पैसे परत भरावे लागतील." चिठ्ठी पुढे केली, तर ती न वाचताच मला परत. मागे रांग, मी घामाघूम, आणि टीव्हीवर त्याच लॅबची जाहिरात. सरळ सांगितलं, मायक्रोबायोलॉजिस्टना भेटल्याशिवाय मी हलणार नाही. अशा जागी हाच एक उपाय चालतो. काउंटरशी वाद घालण्यात दम घालवू नका.

बऱ्याच वेळाने एक मॅडम बाहेर आल्या. चिठ्ठी वाचली, कपाळाला हात लावला. टूथब्रश पाकिटात जसाच्या तसा पडून होता. त्याचं काय करायचं हे कुणाला कळलंच नव्हतं! या बुरशीचे बीजाणू कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे नवा नमुना लागलाच नाही. त्यांनी ब्रशचे दाते सॅबुरो अगारच्या, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाच्या, प्लेटवर दाबले. त्यात जिवाणू आणि हवेतली किरकोळ बुरशी रोखणारी औषधं घातलेली असतात.

प्लेटवर पांढरी, कापसाळ वाढ आली, खालून पिवळी. मॅडमनी मला मायक्रोस्कोपमधून दाखवलं : निळ्या रंगात टकळीसारखे, दोन्हीकडे निमुळते, जाड भिंतीचे बीजाणू, आत आडवे कप्पे. मायक्रोस्पोरम कॅनिस. मला लॉटरी लागल्याचा आनंद झाला, ते बघून त्या हसल्या.

एक राहिलं. काही दवाखान्यांत डीटीएम नावाचं माध्यम वापरतात, ते पिवळ्याचं लाल होतं. नुसत्या लाल रंगावर जाऊ नका. उशिरा लाल करणाऱ्या साध्या बुरश्याही असतात. वाढ मायक्रोस्कोपखाली बघितली का, हे विचारा. आणि घरात कुणाला चट्टा उठला, तर त्वचेच्या डॉक्टरांना मांजराचं आधी सांगा. आईच्या दंडावर उठलाच होता.

बंड्याचं इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध चालू आहे. केस परत आले म्हणून ते थांबवायचं नाही, पुन्हा केलेलं कल्चर स्वच्छ यायला हवं. त्यासाठीचा नवा ब्रश आता द्यायचाय. या वेळी व्हेटकडून लाल शाईत लिहून घेतलंय : 'प्राण्याचा नमुना, बुरशी, २१ दिवस ठेवणे.'