पेनड्राइव्ह न लावता बंद पीसी उठवायचा: नेटवर्क रेस्क्यूची आतापर्यंतची प्रगती

तर मंडळी, बंद पडलेल्या पीसीला लॅनवरून दुरुस्तीची सिस्टम पुरवणारा माझा रेस्क्यू सर्व्हर आता खऱ्या कामाला लागलाय. रास्पबेरी पाय ४ (छोटासा संगणक, पुढे नुसतं "पाय"), त्याला यूएसबीवर एक मोठी हार्ड डिस्क आणि एक गिगाबिट स्विच, एवढंच सामान. जो पीसी बूट होत नाही त्याची लॅन केबल स्विचला लावायची, बूट मेनूत नेटवर्क निवडायचं, की सिस्टमरेस्क्यू (दुरुस्तीसाठीचं लिनक्स), क्लोनझिला (डिस्कची नक्कल काढणारं), विंडोज पीई (दुरुस्तीपुरतं छोटं विंडोज) आणि मेमटेस्ट (रॅम तपासणारं) असा मेनू समोर येतो.

बरेच जण राउटरपाशी अडकतात म्हणून आधी ते सांगतो. आपल्याकडे ब्रॉडबँडवाले जो राउटर देतात त्यात बूट फाइलचं नाव सांगायची सोय बहुतेक नसतेच, आणि घरातला डीएचसीपी (प्रत्येक मशीनला आयपी पत्ता वाटणारी सेवा) बंद करून दुसरा चालवला तर घरचे सगळे ओरडणार. त्यापेक्षा पायवर डीएनएसमास्क हा छोटा सर्व्हर प्रोग्रॅम प्रॉक्सी मोडमध्ये चालवा. आयपी राउटरच देतो, पाय फक्त "बूट फाइल माझ्याकडे आहे" एवढंच सांगतो. पीसी आपला प्रकार डीएचसीपीच्या ऑप्शन ९३ मध्ये कळवतो, जुना बायोस असेल तर ०, ६४ बिट यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) असेल तर ७, त्यावरून कुठली फाइल द्यायची ते ठरवायचं. ही फाइल म्हणजे आयपीएक्सई, नेटवर्कवरून बूट करून देणारा छोटा प्रोग्रॅम. ते चढलं की स्वतः परत डीएचसीपी मागतं आणि तुम्ही पुन्हा तीच फाइल दिलीत तर गोल गोल फिरत बसतं, तेव्हा ऑप्शन १७५ आला की समजायचं हे आयपीएक्सई आहे आणि त्याला थेट मेनू द्यायचा.

टीएफटीपीवरून (फाइल पाठवायची साधी, जुनी पद्धत) फक्त आयपीएक्सईची छोटी फाइल पाठवतो, बाकी सगळं एचटीटीपीवरून. टीएफटीपी मुळात ५१२ बाइटचा तुकडा पाठवून पोच यायची वाट बघतं, मग पुढचा तुकडा. त्यावरून अख्खी रेस्क्यू सिस्टम ओढायची म्हणजे बैलगाडीतून वाळू आणल्यासारखं. सिस्टमरेस्क्यू आता आर्च लिनक्सवर आहे, त्यामुळे एचटीटीपी सर्व्हरचा पत्ता कर्नल लाइनवर (लिनक्स सुरू होताना त्याला दिलेल्या सूचनांची ओळ) देता येतो, फक्त पत्त्याच्या शेवटी स्लॅश पाहिजेच, नाहीतर फाइल सापडत नाही. त्याच लाइनवर रूटचा पासवर्ड द्यायचा आणि फायरवॉल बंद करायचा ऑप्शन टाकायचा, म्हणजे एसएसएचने दुसऱ्या संगणकावरून आत जाता येतं. हे फार सोयीचं आहे, कीबोर्ड चालत नसलेला पीसी पण आपल्या लॅपटॉपवर बसून दुरुस्त होतो. सगळं रॅममध्ये उतरतं, त्यामुळे २ जीबीच्या मशीनवर घुसमट होते, ४ जीबी असेल तर निवांत.

आता खरं काम. ओळखीच्या एका सायबरवाल्याचा पीसी, लाइट गेल्यानंतर विंडोज लोगोवर अडकलेला. अशा वेळी हात शिवशिवतात की आधी चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल) मारू, स्टार्टअप रिपेअर करू. माझं ठाम मत आहे की ते नाही करायचं. आधी नेटवर्कवरून चढवून स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत दाखवणारं टूल) बघायचं. ह्या डिस्कवर करंट पेंडिंग सेक्टर दिसत होते, म्हणजे काही सेक्टर वाचलेच जात नाहीत, आणि अशा डिस्कवर चेकडिस्क चालवलं की ते तिथंच घासत बसतं, वर लिहायला पण जातं. आधी डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कमधून डेटा उचलणारं टूल) पूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, पायच्या एनएफएस फोल्डरमध्ये (नेटवर्कवरून वापरता येणारा फोल्डर) काढायची, पहिल्या फेरीत खराब जागा सोडून चांगला भाग उचलायचा, मग उरलेल्यावर परत प्रयत्न. मॅपफाइल (किती वाचून झालं त्याची नोंद) सर्व्हरवरच ठेवा, कारण रेस्क्यू सिस्टम रॅममध्ये आहे, लाइट गेली की तिच्यातलं सगळं गेलं. इथं मध्येच लाइट गेलीच, पण पाय इन्व्हर्टरवर होता आणि मॅपफाइल शाबूत, त्यामुळे जिथं थांबलं तिथून पुढं सुरू.

केबल नक्की तपासा. चारच तारा जोडलेली स्वस्तातली केबल असेल तर लिंक १०० एमबीपीएसवर येते, म्हणजे सेकंदाला साधारण ११-१२ एमबी, आणि ५०० जीबीच्या डिस्कला बारा तास. आठही तारा नीट असतील तर फरक लगेच कळतो, मग अडतं ते डिस्कच्याच वेगापाशी.

इमेज हातात आल्यावर ती नव्या एसएसडीवर उतरवली, विंडोज पीई विमबूटने (आयपीएक्सईवरून विंडोज पीई चढवणारं टूल) चढवलं, तिथं चेकडिस्क, मग ईएफआय पार्टिशनला (बूट फाइली असतात तो भाग) ड्राइव्ह लेटर देऊन बीसीडीबूटने बूट फाइली नव्याने टाकल्या, आणि विंडोज उठलं. बिलांच्या फाइली सगळ्या मिळाल्या ह्याचा आनंद त्याला झाला त्यापेक्षा मला जास्त झाला.

बिटलॉकरचं (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा कुलूपबंद करणं) मात्र आधी विचारून घ्या. आयपीएक्सईसाठी मी सिक्युअर बूट (सही नसलेलं काही बूट होऊ न देणारी फर्मवेअरची सोय) बंद करतो, आणि तेवढ्यानंसुद्धा पुढच्या बूटला ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. विंडोज ११ च्या २४एच२ पासून नवीन इन्स्टॉलमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, मालकाला पत्ताही नसतो. की बहुतेक त्याच अकाउंटमध्ये असते, ती मिळाली तर क्रिप्टसेटअप ह्या टूलने लिनक्समधून पण ड्राइव्ह उघडतो.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक ह्या सायबर सुरक्षा कंपनीच्या अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख विंडोज मशीन पडली होती. उपाय एक फाइल उडवण्याचा होता पण मशीन चढतच नाही तर उडवणार कशी, म्हणून लोक एकेका पीसीपाशी जाऊन बसले. मायक्रोसॉफ्टने नंतर रिकव्हरी टूलमध्ये पीएक्सईचा, म्हणजे अशाच नेटवर्क बूटचा, पर्याय दिला. तेव्हापासून मला वाटतं की कॉलेज लॅब, छोटी ऑफिसं, सगळीकडे असा एक सर्व्हर कोपऱ्यात तयार असायला हवा. फक्त वेगळ्या स्विचवर ठेवा, कारण पीएक्सईमध्ये ओळख पटवणं हा प्रकारच नाही, जो आधी उत्तर देईल त्याचं मशीन ऐकतं.

लिनक्सवाल्या मशीनचं सोपं आहे, क्रूट करून (रेस्क्यू सिस्टममधून डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरून) ग्रब हा बूटलोडर परत टाकायचा, फक्त मशीन यूईएफआय मोडमध्येच चढवलेलं पाहिजे नाहीतर ईएफआयबूटएमजीआर (फर्मवेअरमधली बूटची यादी बदलणारं टूल) काही करू देत नाही.

आता राहिलंय ते लॅन पोर्ट नसलेल्या पातळ लॅपटॉपचं. काहींचं फर्मवेअर ठराविकच यूएसबी लॅन अडॅप्टर ओळखतं, बाकीच्यांना सध्या आयपीएक्सई पेनड्राइव्हवर टाकूनच चढवतोय. कुणाकडे कुठला अडॅप्टर कुठल्या लॅपटॉपवर थेट बूट होतोय ते चिपसकट लिहा, यादी करायला घेतली आहे.