नाहे नदीच्या काठाने हिल्डेगार्डच्या दारी

जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाईनपासून बिंगेनपर्यंत संत हिल्डेगार्डच्या, म्हणजे बाराव्या शतकातल्या एका जर्मन जोगिणीच्या, नावाची वाट १३७ किलोमीटरची आहे. पूर्ण चालायची तर आठ-दहा दिवस लागतात. दोनच दिवस हाती असतील तर आमचं कळकळीचं सांगणं, सुरुवात डिझिबोडेनबर्गच्या टेकडीपासून करा. तिचं आयुष्य नदीबरोबर खाली सरकत गेलं, आपणही तसंच उतरावं.

श्टाउडर्नहाईम स्टेशनपासून टेकडी पायी पाऊण तासाच्या आत येते. ग्लान नदी इथेच नाहेला मिळते. १ नोव्हेंबर १११२ रोजी चौदा वर्षांची हिल्डेगार्ड युटा नावाच्या थोरल्या जोगिणीच्या हाताखाली इथल्या मठात आली आणि दोघींनी प्रार्थनेसाठी स्वतःला कोंडून घेतलं. मठाच्या चर्चची पायाभरणी ११०८ ची, ते पूर्ण झालं ११४३ मध्ये. म्हणजे तिच्या कोंडवासाची पहिली तीस वर्षं भिंतीपलीकडे छिन्नी-हातोडाच चालू होता! त्या चर्चच्या जोत्यावर जरा वेळ थांबा. तिची खोली मात्र शोधत बसू नका, ती जागा नक्की झालेलीच नाही. शिवाय उभ्या दिसणाऱ्या बऱ्याच भिंती नंतरच्या आहेत, १२५९ पासून इथे सिस्टर्शियन या कॅथलिक पंथाचे साधू राहत होते. पाऊस पडून गेल्यावर दगडांवरच्या ओल्या पाचोळ्यावरून पाय घसरतो, तेव्हा पकड असलेले बूट हवेतच.

११५० च्या सुमारास वीसेक सिस्टरांना (जोगिणींना) घेऊन ती बिंगेनजवळच्या रुपर्ट्सबर्गला गेली. सरळ रेषेत अंतर पंचवीसेक किलोमीटर, पण डिझिबोडेनबर्गच्या मठाधिपती कुनोने तिला बराच काळ अडवून धरलं होतं. रुपर्ट्सबर्गला भव्य काही दिसेल या आशेने जाल तर निराश व्हाल. १६३२ मध्ये स्वीडिश सैन्याने मठ जाळला आणि १८५७ मध्ये रेल्वेसाठी उरलासुरला भागही सुरुंगाने उडवला. चर्चच्या पाच कमानी तेवढ्या वाचल्या, त्याही आता एका इमारतीच्या आत आहेत. आत सोडतात का, कधी सोडतात, हे आधी विचारून घ्या.

पुढे ऱ्हाईन ओलांडायला बिंगेनहून फेरीबोट घ्यायची, कारण इथून कोब्लेंझपर्यंत नदीवर पूल नाही. पलीकडे र्‍युडेसहाईम, आणि तिथून चढावर आयबिंगेन.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे. द्राक्षमळ्यांवरचा दोन मनोऱ्यांचा मठ लांबूनच दिसतो आणि पाय थेट तिकडे वळतात. पण तो मठ १९०४ चा. तिच्या अस्थींची सोनेरी मंजूषा आहे खाली गावातल्या चर्चमध्ये. आधी तिथे माथा टेका, मग वर चढा. मळ्यांतून सावली अजिबात नाही, उन्हाळ्यात माणशी दीड लिटर पाणी लागतंच.

वरच्या मठात संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ गाठा. सिस्टर लॅटिनमध्ये गातात. हिल्डेगार्डच्या मठातलं गाणं मात्र एकदा बंद पडलं होतं. ११७८ मध्ये बहिष्कृत ठरवलेल्या एका सरदाराला तिने रुपर्ट्सबर्गच्या मठाच्या दफनभूमीत जागा दिली होती. तो मरणाआधी चर्चशी समेट करून गेला होता, असं तिचं म्हणणं. प्रेत उकरून काढा, असा माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांचा हुकूम आला. तिने तो मानला नाही, म्हणून मठात मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि गायन बंद करण्यात आलं. ऐंशीच्या घरातल्या हिल्डेगार्डने संगीत हे देवाच्या स्तुतीचंच अंग आहे असं लिहून दाद मागितली. मार्च ११७९ मध्ये बंदी उठली आणि १७ सप्टेंबरला ती गेली.

दरवर्षी १७ सप्टेंबरला आयबिंगेनमध्ये तिची मंजूषा मिरवणुकीने निघते. त्या दिवसासाठी मुक्कामाची खोली बऱ्याच आधी धरून ठेवा.