ड्रोन ट्रॅक, टप्पा तिसरा: भांडं ओळखू येता कामा नये

अखंड लांबणाऱ्या स्वरांच्या या ट्रॅकने भीती वाटायला हवी. त्याचा पाया, म्हणजे सगळ्यात खालचा थर, बदललाय. आधी 55 आणि 58.3 हर्ट्झचे दोन साइन, म्हणजे शुद्ध स्वर, होते. त्यांच्या फरकामुळे सेकंदाला तीनाहून जास्त ठोके पडायचे, दूरवर पंप चालू असल्यासारखं वाटायचं. आता 55 आणि 55.125. एक हेलकावा 8 सेकंदांचा, श्वासापेक्षा संथ, त्यामुळे लय धरताच येत नाही. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा जीव तोडून मिळवतात, इथे त्या मुद्दाम कच्च्या ठेवायच्या!

वरचा थर काशाच्या थाळीचा: काठावर राळ लावलेला व्हायोलिनचा गज, तळाला 27 मिमीची पिझो चकती (कंपनांचा विद्युत संकेत करणारी). चकतीची धारकता साधारण 20 नॅनोफॅरड. 10 किलोओहमच्या लाइन-इनला जोडली तर 800 हर्ट्झखालचं गळत जातं, नुसती खरखर उरते. 1 मेगाओहमच्या गिटार इनपुटला तीच मर्यादा 8 हर्ट्झवर येते.

ध्वनिमुद्रण 96 किलोहर्ट्झवर. रीपर या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये प्लेबॅक रेट 0.25, ‘प्रिझर्व्ह पिच’ (वेग बदलला तरी स्वर तोच ठेवणारा पर्याय) बंद. 10 सेकंदांचे 40 होतात, स्वर दोन सप्तकं खाली. मग सुरुवातीचे 2 सेकंद कापून 3 सेकंदांचा फेड-इन. हे टाळू नका. वस्तू ओळखू येते ती आवाजाच्या आरंभावरून. तो राहिला की भीती संपली, थाळी उरली.

मात्र दोषही चौपट खाली येतात. चकतीचं 4.4 किलोहर्ट्झजवळचं कर्कश शिखर 1.1 वर उतरतं, तिथे 6 डेसिबल कमी केलंय. विजेच्या गुणगुणीतला 200 हर्ट्झचा अंश 50 होतो आणि पायातल्या 55 शी भांडून सेकंदाला पाच ठोके देतो. इक्वलायझरने हे काढायला गेलं तर पायाही जातो. उपाय आधीच करायचा: शील्डेड केबल, पितळी बाजू ग्राउंडला, वर इन्सुलेशन टेप आणि त्यावर ग्राउंड केलेली तांब्याची पट्टी.

अमेरिकेतल्या फोर्ट वर्डनच्या ज्या भूमिगत टाकीत 1988 साली संगीतकार पॉलीन ऑलिव्हेरोस यांनी ध्वनिमुद्रण केलं, तिथला घुमारा 45 सेकंदांचा. इथे 18 पुरले. प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीची उसंत) शून्य, थाळी शंभर टक्के वेट, म्हणजे मूळ आवाज नाही, फक्त घुमारा. रिव्हर्बला (घुमारा देणाऱ्या इफेक्टला) जाणारा आवाज 120 हर्ट्झखाली कापलाय, नाहीतर चिखल.

बाकी: अकराव्या मिनिटापासून कान सरावतो. तिथे पाया 40 सेकंदांत हळूहळू काढून पाहायचा. फोनवर 55 ऐकूच येत नाही, म्हणून सॅच्युरेशनने (आवाज किंचित विकृत करून वरचे अंश वाढवणाऱ्या इफेक्टने) 110 आणि 165 उठवायचे.