हातचा एक

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या प्रत्येक चौकटीत दोन हिशेब नांदायचे. खाली आईचं दूध, वर बाबांचा पाऊस. दुधाची बेरीज दर एक तारखेला शून्यावर यायची. पावसाची १ जूनला सुरू झाली की ३० सप्टेंबरपर्यंत चालायची.

गच्चीत एक पत्र्याचा डबा होता. तोंड लहान असो की मोठं, बाजू सरळ हव्यात, म्हणजे पट्टी बुडवली की थेट मिलिमीटर मिळतात, हे बाबांचं ठाम मत. सकाळी साडेआठ म्हणजे साडेआठ. हवामान खात्याचा दिवस तेव्हाच बदलतो, त्यामुळे मंगळवारी संध्याकाळी झोडपलेला पाऊस बुधवारच्या चौकटीत जायचा. २६ जुलै २००५ चे सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटरसुद्धा २७ तारखेच्या साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचे. कुलाब्यात त्याच वेळात जेमतेम ७३. एकाच शहराच्या दोन वह्या, पण काय फरक!

पेपरात कोयनेची बातमी आली की बाबा मला गाठायचे. आवक क्युसेकमध्ये, साठा टीएमसीत. लोक दोन्हींची गल्लत करतात याचा त्यांना मनस्वी राग. क्युसेक म्हणजे पाणी आत्ता किती वेगानं येतंय, सेकंदाला किती घनफूट; टीएमसी म्हणजे आजवर साठलं किती, अब्ज घनफुटांत. ११,५७४ क्युसेकनं अख्खा दिवस पाणी आलं की एक टीएमसी होतं. कोयनेत अशा १०५ टीएमसी मावतात. धरणातून पाणी सोडलं की साठा उतरतो. आमच्या कॅलेंडरवरची बेरीज मात्र कधीच खाली यायची नाही. उघडीप असली तर कालचाच आकडा आज पुन्हा, एवढंच.

एका वर्षी ३० सप्टेंबरला बाबांनी सगळ्या चौकटी नव्यानं मिळवल्या आणि दहा मिलिमीटर जास्त भरले. मग उलटा प्रवास सुरू झाला. आजच्या एकूणातून कालचं एकूण वजा करायचं, उरेल तो आजचा पाऊस असायला हवा. १८ जुलैला चोर सापडला. आदल्या दिवशी ५६७, त्या दिवशी ४८, आणि बेरीज लिहिलेली ६०५. सात नि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक राहिला हातातच. पुढचा रोजचा पाऊस बरोबर, वजाबाक्या बरोबर, आणि तरी ७५ चौकटींतलं एकूण चूक.

"दहा मिलिमीटरनं कुणाचं काय अडलंय?" आई म्हणाली.

बाबांनी लाल पेन काढलं आणि पंच्याहत्तरही आकडे खोडून नव्यानं लिहिले. त्या खाडाखोडीत सप्टेंबरचं दूध झाकलं गेलं. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं सांगितला तो आकडा आईनं मुकाट्यानं दिला. बाबांकडे बघत.